गच्चीवरचा गळ

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या पाचोडच्या, दुष्काळी मुलखातल्या. प्रत्येक वाक्याला "व्हय की नाय?" जोडतात आणि उत्तराला कधी थांबत नाहीत. कॉलनीची सहल समुद्राकडं, खाडीकाठच्या एका छोट्या बागेत ठरली, तसा त्यांनी गळ विकत आणला. रोज गच्चीवर सरावाला दोरीला लोखंडी नट बांधून लांबच्या बादलीत फेकायच्या. कॉलनीत नुसता हशा पिकला.

बागेत पोचल्यावर आम्ही होडी ठरवली आणि आधी निवांत जेवलो. उठून बघतो तर पाणी पार लांब गेलेलं, होडी चिखलात कलंडलेली. ओहोटी कुणाच्या डोक्यातच नव्हती. आमचा हर्सूलचा तलाव असा दुपारचा उठून जात नाही. "आता सांजेलाच भरती," होडीवाला म्हणाला. सगळे चिडून बसकडं वळले. काकू मात्र पदर खोचून चिखलातून गेल्या, होडीत बसल्या आणि गळाला कणकेची गोळी लावू लागल्या.

"काकू, चला, पाणी गेलं!" मी ओरडलो.

"गेलं तर येईल की. आपल्याकडं गेलेल्या पाण्याची लोकं वर्षभर वाट बघतेत. इथं तर सांजच्यालाच येनार म्हनतोय. मंग उठायचं कशाला? व्हय की नाय?"

या वेळी मात्र त्या उत्तरासाठी थांबल्या. मी चपला हातात घेतल्या आणि चिखलात उतरलो.