सातव्या घरातला अंतराळवीर
नायलॉनच्या नव्या दोराचा वास आला, की मला आमच्या अधारताल मोहल्ल्यातली ती गच्ची आठवते. हिवाळ्याची दुपार, खाटेवर घरं आखलेला अंतराळाचा नकाशा आणि केमोनं केस गेलेला, कानटोपीतला माझा मित्र. खेळाचे नियम त्यानंच रचलेले. फाशाच्या एका दानात त्याचा अंतराळवीर यानाबाहेर फेकला गेला. माझ्या अंतराळवीराकडचा, टोकाला आकडा बांधलेला नव्या नायलॉनचा दोर सहा घरांपर्यंतच पोचायचा आणि त्याचा अंतराळवीर सातव्या घरात तरंगत होता. "एका घरानं काय होते, यार?" मी म्हणालो. "काहून? नियम मीच केला, आता मीच तोडू का?" म्हणत त्यानं आपली सोंगटी नकाशाबाहेर ठेवली. होळी आली तेव्हा तो नव्हता. आजही आमच्याच शहरातल्या गोरखपूर बाजारात दोर घेताना मी हातभर जास्तच मागतो.