काळ्या दोऱ्याचं रीळ

अक्का गेल्या तेव्हा मी सांगलीत होते. मुलांच्या शाळेपायी आम्ही तिथं बिऱ्हाड केलंय. कुंडलहून निरोप आला तेव्हा स्टोव्हवर भात होता. तो उतरवला, शेजारणीकडे किल्ली दिली आणि निघाले. रडू नंतर आलं, तेही फार नाही. आता सव्वा महिना झाला.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचा नवरा लढाईत गेला. मागे उरला तो त्यानं पलटणीतल्या साहेबाकडून घेतलेला कॅमेरा. विधवा सुनेनं उंबऱ्याबाहेर कशाला जायचं, असं आमच्या सासऱ्यांचं, आबांचं मत. पण आमच्याकडे घराआड एक पोरगा फौजेत. सरहद्दीवरच्या पोराला सुट्टीआधी मुलीचा फोटो हवा असायचा आणि मुलीला स्टुडिओतल्या परक्या पुरुषापुढं बसवायला आया तयार नसायच्या. मग अक्कांना बोलावणं यायचं, पलूसपासून थेट वडूजपर्यंत. तेवढ्यापुरतं आबा सोडत. डोक्यावर पदर, काखेत कॅमेऱ्याची पेटी, साडेदहाची एसटी. संध्याकाळी परतायच्या त्या वेगळ्याच चेहऱ्यानं. "पोरगी हसंचना गं शांते," एकदा सांगत होत्या. "म्हणलं, बये, हस की. त्याला दरडावणारं फौजेत लय हायत."

त्या कॅमेऱ्याला सहाशेवीस मापाची फिल्म लागे. ती बाजारातून हळूहळू नाहीशीच झाली. सांगलीचा दुकानदार म्हणाला, आता एकशेवीसच मिळणार. फिल्म तीच, पण रीळ जाड. जाड रीळ पेटीत बसेना. अक्कांनी तोड काढली. भर दुपारी धान्याच्या खोलीचं दार लावायचं, फिल्मला उजेड लागू नये म्हणून तीन गोधड्या पांघरायच्या आणि आत घामाघूम होत नवी फिल्म जुन्या बारीक रिळावर गुंडाळायची. नुसत्या बोटांनी, घट्ट आणि सारखी. बारीक रिळं दोनच उरली होती. एकावर फिल्म, दुसरं रिकामं, फोटो काढताना फिल्म त्यावर सरकायची. दोन्ही असल्याशिवाय काम नाही. फिल्म धुवायला दिली की रीळ परत मिळेपर्यंत त्या दुकानात बसून राहायच्या.

त्यातलं एक रीळ हरवलं. अक्कांनी कणगीखाली हात घालून शोधलं, चुलीच्या राखेत शोधलं. आठ दिवसांनी मी गोधड्या उन्हात टाकल्या, तेव्हा ते घडीतून माझ्या पायाशी पडलं. गुऱ्हाळ चालू होतं. मला सातवा महिना, आणि अक्का फोटोला गेल्या की सगळ्या गड्यांच्या भाकऱ्या माझ्या एकटीवर. चार दिवस घरात राहू देत, असं मनात आलं. रिळावर काळा दोरा गुंडाळला आणि ते घरातल्या शिवणाच्या डब्यात टाकलं. गुऱ्हाळ संपलं की सापडलं म्हणून देणार होते...

त्याआधीच आबांनी निकाल दिला. "ठिवा ती पेटी माळ्यावर. स्टुडिओ हायत की सांगलीत."

"आवं आबा, घावंल की रीळ," अक्का म्हणाल्या. एकदाच.

मग रीळ द्यायचं तर इतके दिवस कुठं होतं, हे सांगावं लागलं असतं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. अक्का विहिरीपलीकडं गेल्या नाहीत. साडेदहाला एसटीचा हॉर्न वाजला की परातीतला त्यांचा हात थांबायचा. "वडूजची गेली," म्हणायच्या आणि पुन्हा पीठ मळायला लागायच्या. माझं काम निम्मं झालं, हे खोटं कशाला सांगू.

परवा त्यांची खोली आवरताना तोच शिवणाचा डबा उघडला. मी दोरा घाईत, वेडावाकडा गुंडाळला होता. आता तो घट्ट होता, सारखा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. जी बोटं गोधडीखालच्या अंधारात रीळ ओळखत, त्यांना ते डब्यात ओळखू येणार नाही, असं मी कसं धरून चालले... कधी कळलं असेल? मी सांगलीला आल्यावर, की पहिल्याच वर्षी? त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

माळ्यावरून पेटी काढली. दोरा सोडवला आणि रीळ आत घालून पाहिलं. चपखल बसलं. चावी फिरवली, फिरली. मग ते काढून दोरा पुन्हा गुंडाळायला बसले. तीनदा सोडला, तीनदा गुंडाळला. त्यांच्यासारखा येत नाही.