आपोआप गेलेली पोच

आमच्याकडे चार माणसं जेवायला जमली की कुणीतरी मला मोडेमची गोष्ट सांगायला लावतंच. माझ्याजवळ सांगण्यासारखं तेवढंच आहे. भावानं शेती वाढवली, बहीण मुख्याध्यापिका झाली, आणि मी पिपरी मेघेच्या चौकात झेरॉक्सचं मशीन मांडून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. पण आमच्या ले-आउटच्या अख्ख्या वस्तीतला पहिला ईमेल माझ्या घरी आला, हा मान काही कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नव्हतं. या हिवाळ्यापर्यंत मला तो मान वाटायचा.

पंचविसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वर्ध्याच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकवायचो. म्हणजे मला सोमवारी जे कळलं ते पोरांना गुरुवारी सांगायचो. इन्स्टिट्यूटनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला आणि फोनच्या तारेला मोडेम जोडला. नंबर लागला की तो आधी शिट्टी मारायचा, मग घसा खाकरायचा, आणि मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज काढायचा. तेवढ्यात आईनं आतल्या खोलीतला फोन उचलला की कनेक्शन तुटायचं. ती रिसीव्हर हातात धरून विचारायची, "तुह्या डब्यात कोनी कोनाले मारून राह्यलं काय?" इथं ऐकणारे पहिल्यांदा हसतात.

तेव्हा इंटरनेटवर बसून राहायची पद्धत नव्हती. मेलचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्येच असायचं. आपण आधी सगळं लिहून ठेवायचं, मग फोन जोडायचा, एक बटण दाबायचं. लिहिलेलं निघून जायचं, आलेलं आत पडायचं. लगेच फोन सोडून द्यायचा आणि मग आलेली पत्रं निवांत वाचायची. न वाचलेली पत्रं ठळक अक्षरांत दिसायची, वाचलेली बारीक.

या पत्रांतली निम्मी माझी नसायची. आमच्या भिंतीला भिंत लागून काका राहतात. नात्याचे नाहीत, शेजारचे. मराठीचे शिक्षक होते. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत शुद्ध मराठी शिकवली आणि ती शाळेतच ठेवून ते घरी आले. घरी आमच्यासारखंच बोलतात. काकू लवकर गेल्या. एकुलती एक मुलगी, तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं. ती शिकायला कॅनडात गेली तेव्हा मी मोठ्या ऐटीत माझा ईमेल पत्ता तिला लिहून दिला. तिचं पत्र माझ्या पत्त्यावर यायचं, वर विषयाच्या जागी लिहिलेलं असायचं, 'बाबांसाठी'. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. काकांना ते बघवायचं नाही. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे, मी मोठ्यानं वाचायचो आणि ते शंभर पानी वहीत आपल्या अक्षरात उतरवून घ्यायचे. तिच्या चुका दुरुस्त करत. मग उत्तर सांगायचे, ते मी इंग्रजी अक्षरांत टाइप करायचो आणि ते तोंड फिरवून बसायचे.

रोज संध्याकाळी फिरून आले की फाटकाशी उभे राहून विचारायचे, आलं काय काही. मी खिडकीतूनच सांगायचो.

आता गोष्टीतला माझा आवडता भाग. त्या सॉफ्टवेअरमध्ये पोचेची सोय होती. रजिस्टर पत्राला असते तशीच. पाठवणाऱ्यानं मागितली असेल तर पत्र उघडताच एक चौकोन पुढं यायचा: यांना पोच हवी आहे, पाठवू का? काकांची मुलगी वडिलांवर गेली होती, तिचं एकही पत्र पोच मागितल्याशिवाय यायचं नाही. दर वेळी त्या चौकोनाला उत्तर द्यायचा मला कंटाळा. म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन 'नेहमी पाठवा' वर खूण करून टाकली. मग ते आपोआप व्हायला लागलं. आणि वाचलं कशाला म्हणायचं, तर यादीत त्या ओळीवर पाच सेकंद थांबलं की झालं वाचून. हे मी सांगतो तेव्हा छातीवर हात ठेवून साक्षीदारासारखा उभा राहतो: मी इकडं शेंगा खाऊन राह्यलो असलो तरी माझा कॉम्प्युटर शपथेवर सांगायचा, साहेबांनी पत्र वाचलं.

या हिवाळ्यात काकांची मुलगी तीन आठवड्यांसाठी आली होती. दोन-तीन वर्षांनी येते. काका चौऱ्याऐंशीचे आहेत. दर वेळी ती सोबत चला म्हणते, ते नाही म्हणतात, ती परत जाते. जायच्या चार दिवस आधी आम्ही तिला जेवायला बोलावलं. काका लवकर जेवून निजतात, ते आले नव्हते. जेवणं झाली आणि माझ्या भाचीनं मोडेमची गोष्ट सांगा म्हटलं. मी काय, तयारच. शिट्टी झाली, खिळा झाला, आई झाली, पोच आली. सगळे हसले. ती संत्रं सोलत होती. तिचे हात थांबले.

"दादा," ती म्हणाली, "म्हणजे ते पोच आपोआप जाये?"

मी अजून माझ्या रंगात होतो. म्हटलं, आपोआप म्हणजे काय, मी घरी नसलो तरी जाईल अशी. तिनं सोललेलं संत्रं ताटलीत ठेवलं आणि आमच्या हिला म्हणाली की येते, बाबांना औषध द्यायचं आहे. औषध ती मघाशीच देऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. मग तिनं सांगितलं ते असं. तिथलं शिक्षण संपल्यावर तिला कायमची नोकरी देत होते. महिनाअखेरीपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. तिला परत यायचं होतं आणि यायचं नव्हतंही. तिला वडिलांनी ठरवायला हवं होतं. म्हणून तिनं मोठं पत्र लिहिलं. तुम्ही ये म्हणालात तर मी सामान बांधते. पण आपले वडील तिला ठाऊक होते, म्हणून खाली आणखी लिहिलं: बोलायला जड वाटत असेल तर काहीच लिहू नका. तुम्ही वाचलं एवढं कळलं की तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ मी लावीन.

"मंग पोच आली," ती म्हणाली. "वाचलं. तारीख, वेळ, सगळं होतं त्यात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची. पंधरा दिवस मी रोज पाह्यलं. मंग सही केली."

मी विचारलं, "फोन नाई करता आला तुले?" विचारल्यावर कळलं की हा प्रश्न करायचा मला काही अधिकार नव्हता.

"फोनवर ते हो हो करते अन् ठेवून देते. अन् मीच लिहून बसली होती ना, बोलू नका म्हणून."

संक्रांतीचा दुसरा दिवस मला नीट आठवतो. तो तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आठवतो. पुण्याच्या एका कंपनीत मी मुलाखत देऊन आलो होतो आणि त्यांचं उत्तर यायचं होतं. आई म्हणाली होती की आज कर आहे, दिवस चांगला नाही, आज काही उघडू नको. मी फोन जोडला, पत्रं आत घेतली, फोन सोडला आणि बाणाचं बटण दाबत यादी उतरत गेलो. मधे 'बाबांसाठी' होतं. मी थांबलो. लांबलचक दिसलं. वरच्या दोन ओळी, तब्येत कशी आहे वगैरे, वाचल्या आणि म्हटलं, काकांसोबत वाचू. मग खाली उतरलो. पुण्याचं उत्तर सगळ्यात खाली होतं, दोन ओळींचं, नकाराचं. मी कॉम्प्युटर बंद केला.

पुढं बरेच दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. इन्स्टिट्यूटच्या कामासाठी दुसऱ्या दिवशी फोन जोडला असेल, तेव्हा आदल्या दिवसाची तारीख-वेळ घेऊन पोच निघून गेली. काका फाटकाशी उभे राहून विचारायचे आणि मी यादीकडं बघायचो. ठळक काहीच नसायचं, कारण तिचं पत्र माझ्या लेखी वाचून झालं होतं. मी म्हणायचो, नाही काका. एकदोनदा तर बघितल्याशिवायच म्हटलं. उन्हाळ्यात कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि मी सगळं फॉरमॅट करून टाकलं. ते पत्र मी लपवलं असतं तर निदान मला आठवत तरी राहिलं असतं. मी ते विसरून गेलो.

त्याआधी मार्चमध्ये तिचं पुढचं पत्र आलं होतं, नोकरी कायम झाल्याचं. ते मात्र मी काकांना नीट वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, वहीत उतरवलं आणि उत्तर सांगितलं: निर्णय योग्य आहे. मी ते टाइप केलं. म्हणजे तिनं लावलेल्या अर्थावर शिक्काही माझ्याच हातानं बसला.

हे सगळं मी तिला दुकानात सांगितलं, झेरॉक्सच्या मशीनवर हात ठेवून. गोष्ट सांगायची एवढी सवय असून मला एकही वाक्य सरळ जमलं नाही. ती रडली नाही, चिडलीही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "मंग ते त्यांच्या हाती गेलं असतं तर काय म्हटलं असतं त्यांनी?"

मी म्हटलं, मला नाही माहीत. माझ्या तोंडावर एकदोन बरी उत्तरं आली होती. ये म्हटलं असतं, असं सांगितलं तर तिला बाप मिळत होता. राहा म्हटलं असतं, तर तिची पंचवीस वर्षं जागच्या जागी राहत होती. यातलं कोणतं द्यायचं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून खरं बोललो.

"मले पण नाई माहीत," ती म्हणाली. "इतके वर्ष मी समजत होती, मी आली असती तं यांले ओझं झालं असतं. यांनी वाचून ठरवलं असन." मग ओढणी सारखी करत उठली. "त्यांले यातलं काही सांगू नको, दादा. या वयात त्यांच्या हाती हे देऊन त्यांनी करायचं काय?"

मी कबूल झालो. चौथ्या दिवशी मीच तिला नागपूरच्या विमानतळावर सोडून आलो. रस्ताभर ती आमच्या भाचीच्या कॉलेजबद्दल विचारत होती.

ती गेल्यावर आठवड्याभरानं संध्याकाळी मी काकांच्या गोळ्या घेऊन गेलो. ते दारापुढच्या पायरीवर बसले होते. हल्ली फिरायला जात नाहीत, तिथंच बसतात. मला म्हणाले, बस. समोरचा प्लॉट इतकी वर्षं रिकामा होता. तिथं आता चार मजली फ्लॅट उठतो आहे, त्याच्या सळया वर आल्या आहेत.

"एक इचारू काय रे," ते म्हणाले. "तिनं तिकडं पक्की नोकरी धरली, तवा त्याच्या पह्यले काही लिहिलं होतं काय तिनं? मले इचारलं-बिचारलं? या वेळी गेली तवा काही येगळीच वाटली मले. म्हणून मी वह्या काढल्या. वहीत तं काही नाई."

मी तिला शब्द दिला होता. आणि शब्द दिला नसता तरी मी खरं सांगितलं असतं असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

"नाई काका," मी म्हटलं. "तसं काही आलं नाई."

"बरं झालं," ते म्हणाले. "इचारलं असतं तं मी ये म्हटलं असतं. मले नाई म्हणता आलं नसतं. अन् ते आली पण असती. मंग बसली असती इथं, तुह्यासारखी फारम भरत."

आणि ते हसले. मीही हसलो, माझ्यावर कुणी बोललं की हसायची मला सवयच आहे. त्यांना पाणी दिलं, गोळी दिली, टीव्ही लावून दिला.

घरी आलो ते चप्पल न काढता दारातच उभं राहून मी तिला मोबाइलवर लिहिलं. काका बोलले ते जसंच्या तसं, त्यांनी विचारलं तेही, मी नाही म्हटलं तेही, आणि फॉर्मांचं वाक्यही. एवढ्या वर्षांत त्यांचं एक तरी बोलणं तिच्यापर्यंत न थांबता जावं असं वाटलं. पाठवून दिलं आणि मग पायांतली चप्पल काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा काका कुंपणापाशी उभे होते, माझीच वाट बघत.

"तिचा फोन आलता," ते म्हणाले. "रविवार नाई, काही नाई. तिकडं तं अर्धी रात्र असन. काऊन केला असन रे?"

मी विचारलं, काय म्हणाली.

"काहीच नाई. जेवले काय म्हणे. म्हटलं जेवलो. मंग नुसती धरूनच बसली, ठेवेच नाई. मीच ठेवला मंग."