दगडासारखं गोठलेलं पार्सल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लिहायला बसलो तर आधी दाराची कडी लावून घेतली — बरकतपुऱ्याच्या या घरात मी एकटाच आहे, तरीही. कुणाला भितो मी?

एका प्रयोगशाळेत मी स्टोअरकीपर होतो. बाहेरून आलेला माल सोडवून आणायचा, नोंदवायचा, फ्रीझरमध्ये ठेवायचा. बाजार नुकताच खुला झाला होता. टीव्हीपासून विषाणूंपर्यंत सगळं तयार मिळू लागलं होतं. हो, विषाणूसुद्धा! रोग करण्याची ताकद काढून घेतलेले, पेशीत हवं ते जनुक नेऊन सोडणारे. व्हायरल व्हेक्टर म्हणायचे त्यांना. आमच्याकडे ते बनवण्यात वर्ष जायचं, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सुनंदासाठी परदेशातून तयार मागवले.

सुनंदा सरांकडे पीएचडी करायची. मूळची नांदेडकडची, राहायला नल्लकुंट्याला, घरातली पहिलीच एवढी शिकलेली. मराठी बोलायला मिळतं म्हणून डबा खायला माझ्या टेबलाशी यायची.

पार्सल आल्याचा फोन शुक्रवारी दुपारी आला. मी निघालो होतो आबिड्सला, बायकोबरोबर वॉशिंग मशीन बघायला. म्हटलं, सोमवारी आणू. माल गोठलेला राहावा म्हणून भरलेला ड्राय आइस काय लगेच संपतो?

सोमवारी पार्सल उघडलं तर संपला होता. त्याचं पाणी होत नाही, तो नुसता उडून जातो. डबा कोरडा ठणठणीत. नळी हलवून पाहिली — आतलं पातळ डुचमळलं. एकदा वितळले की हे विषाणू निकामी होतात, हे मला ठाऊक होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'गोठलेल्या स्थितीत मिळाले'. संध्याकाळपर्यंत त्या खरंच गोठल्या.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक मेमो. नोकरी तर कायम होती.

सुनंदाचे प्रयोग फसू लागले. एकदा थोडं काही दिसायचं, पुढच्या वेळी काहीच नाही. सर सगळ्यांदेखत बोलायचे, हिच्या हातात सफाई नाही. ती डबा घेऊन येताना दिसली की मी काहीतरी काम काढून उठायचो. एक दिवस तिने गाठलंच.

"काका, पार्सल गोठलेलंच आलतं ना हो?"

 माझं तोंड कसं झटकन चाललं! "हौ बेटा. पत्थरासारखं. मी स्वतः बघितलो ना."

"मग झालं," म्हणाली. हसलीसुद्धा.

तोवर तो आळस होता, असं म्हणता आलं असतं. त्या वाक्यानंतर नाही.

वर्षभराने तिने संशोधन सोडलं. जाताना माझ्या पाया पडली, म्हणाली, तुम्ही एकटेच मला कधी काही बोलला नाहीत. 

तिच्या वह्या जमा करून घेणं माझंच काम. चाळताना शेवटच्या पानावर मराठीत एक यादी दिसली — प्रयोग का फसतोय त्याची कारणं. सगळ्यात वर, 'पार्सल वितळलं असेल?' त्यावर रेघ, आणि शेजारी, 'नाही. काकांनी स्वतः पाहिलंय.' खालचं एकेक कारण तसंच तपासून खोडलेलं. शेवटचं तेवढं न खोडता राहिलेलं — 'माझा हात'.

सुनंदा तेव्हा गेटपाशी रिक्षाची वाट पाहत उभी होती. मला खिडकीतून दिसत होती. मी वही मिटली, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि कपाटाला कुलूप लावलं.