सोललेले बदाम

पाय मोडला तो न्हाणीघरात घसरून. प्लास्टर निघालं तेव्हा डाव्या पोटरीची पार काठी झाली होती. आमची मुलुंडची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा होतात, चहा-वेफर्स होतात, पुढे काही नाही. पायात ताकद आली तरच मी खाली उतरणार होते. नाहीतर गॅलरीच्या ग्रिलमधून दिसेल तेवढंच मुलुंड माझं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी आली. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, पाटावर चढायचं-उतरायचं. दुसऱ्या दिवशी पाय ठणकतील, घाबरू नका, म्हणाली. व्यायाम झाला की मूठभर बदाम, अक्रोड, नाहीतर शेंगदाणे खाल्ले तर दमलेल्या स्नायूंना सावरायला मदत होऊ शकते. जादू नाही हं, असंही बजावून गेली.

ह्यांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. रिटायर होऊन आठ महिने झाले होते, हाताला काम नव्हतं, ते आता मिळालं. बदाम भिजत घालायचे, सकाळी एकेक सोलून वाटीत ठेवायचे. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पाटावर चारदा चढून मी जरा 'आई गं' केलं की वाटी पुढे. आज पुरे, खा आता. चाराचे तीन झाले, तिनाचे दोन. बदाम मात्र वाढत गेले, त्यात नणंदेने गावाहून काजू पाठवले. दोन महिन्यांत माझं पोट सुटलं आणि पोटरी होती तशीच राहिली.

ती मुलगी पुन्हा आली, पोटरी चाचपली.

"काकू, स्नायूंनी काम केलं तर खाल्लेलं कामी येणार ना. तुम्ही काम कुठे करताय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गॅलरीकडे बघत होते.

त्या दिवसापासून मला घराचा उबग आला. वाटी घेऊन येणारा तो प्रेमळ चेहरा बघितला की ओरडावंसं वाटायचं. पण इतकं करणाऱ्या माणसावर ओरडणार कसं? मग मी चोरून व्यायाम सुरू केला. हे आंघोळीला गेले की पाट, बाजारात गेले की जिना. आधी चार पायऱ्या, मग अख्खा मजला. वर आले की डब्यातले मूठभर शेंगदाणे तोंडात टाकायचे. ठणका कमी व्हायला लागला. दाण्यांनी की सवयीने, कोण जाणे.

एका गुरुवारी हे भाजीला गेले आणि मी कठडा धरून थेट खाली उतरले. पाय लटपटत होते. वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीत बसले, अंगावर ऊन आलं आणि मला रडूच फुटलं.

हे फाटकातून आत आले आणि थबकले. आता चिडणार, असं मला वाटलं. ह्यांनी पिशवी खाली ठेवली.

"मग आता मी दिवसभर काय करू गं?"

इतके महिने मी एकटीच अडकलेय असं धरून चालले होते. जरा बसा, म्हटलं. बसायला दुसरी खुर्ची नव्हती.