तुटक्या बोटाचं माप

बीजवाल्याने मला फसवलं आणि मी माझ्या खालच्या बांधीवाल्याला फसवलं. पहिल्याचा राग अजून गेलेला नाही. लिहायचं आहे ते दुसऱ्याबद्दल.

खालच्या बांधीवाल्याच्या, म्हणजे माझ्याखालचं धानाचं शेत असलेल्या म्हाताऱ्याच्या, उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. बाकीची राईस मिलच्या पट्ट्यात गेली. ते अर्धं बोट तो धानाच्या पाण्यात उभं बुडवायचा, वर काढून ओल कुठवर आली ते पाहायचा आणि म्हणायचा, "पाणी बोटभर, भाऊ. जास्त नाई." मूल तालुक्यात तुम्ही कधी रोवणीच्या दिवसांत गेला असाल, तर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उकिडवा बसलेला असा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल.

मी त्याच मिलमध्ये पोती उचलून वर आलो. भाव केल्याशिवाय मीठसुद्धा घेत नाही. बोडीत, म्हणजे शेततळ्यात, सोडायला मासोळीचं बीज घेतलं तेव्हाही बीजवाल्याला घाम फोडला. वर म्हणालो, "वरून काई दे, नाई तं गाडी वापस ने." त्याने हसत एक बादली गोगलगायी दिल्या. "शेवाळ खाते, भाऊ. बोडी आरशावानी होईल." त्या दिवशी मी जिंकलो असं मला वाटलं होतं.

पुढच्या पावसात बोडी भरून वाहिली आणि गोगलगायी बांधीत उतरल्या. आपल्याकडच्या गोगलगायी धानाच्या वाटेला जात नाहीत. या लिंबाएवढ्या, नव्या रोवलेल्या पऱ्ह्यांना, कोवळ्या रोपांना, बुडातून कापणाऱ्या. काड्यांवर गुलाबी अंड्यांचे घोस. मी औषधाचा डबा घेऊन निघालो, तर म्हाताऱ्याने वाटेतच अडवलं.

"जहर नको टाकू गा. पाणी माया बांधीत येते. पाणी कमी ठेव. पाणी कमी झालं का थे चालत नाई, पडून राह्यते. मंग सकाळी वेच. अंडे पाण्यात बुडव, मरते."

मी पाणी बोटभर ठेवलं. तीन दिवसांत एक कोपरा साफ झाला. मी भडकून त्याच्या दारात गेलो.

"तुमच्या बोटभरानं माये धान खाल्ले!"

"कोनाच्या बोटानं मोजलं?"

"माया."

"तुया काऊन?" त्याने आपलं थोटकं वर केलं. "बोट हे."

"थे तं अर्धं आहे!"

"म्हणून तं बरोबर आहे."

"दोघांच्या मधलं धरू," मी म्हणालो.

"गोगलगायीसंग भाव करते का गा तू?"

त्याच्या मापाने पाणी ठेवलं आणि उरलेलं धान वाचलं. पण पावसाळ्यात पाणी कमी ठेवायचं म्हणजे जास्तीचं खाली सोडायचं, आणि खाली त्याचीच बांधी. तो नाही म्हणाला नाही. "पाणी येऊ दे. पाहुणे नको," म्हणाला आणि बांबूच्या कमच्यांची जाळी विणून माझ्या धुऱ्याच्या तोंडाशी स्वतः बांधून गेला. अट एकच: जाळीत अडकलेला कचरा मी रोज काढायचा.

मी दोन दिवस काढला नाही. तिसऱ्या दिवशी बाजार होता, म्हातारा बाजारात गेलेला, आणि पाऊस कोसळत होता. जाळी तुंबली, माझं धान बुडायला आलं. कचरा काढायला अर्धा तास लागला असता. मी जाळीच उपटली. पाणी भसकन खाली गेलं, आणि त्यासोबत सगळे पाहुणे.

त्यानंतर चौथ्या दिवशी तो बादली घेऊन दारात उभा. "तुये पाहुणे आले होते, भाऊ. जेवून-खाऊन झालं त्यायचं. वापस आणले."

"जाळी वाहून गेली," मी म्हणालो.

जाळी माझ्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाहून गेली, नाई का," तो म्हणाला आणि बादली तिथेच ठेवून गेला.

त्याने चार घरांतून पऱ्हे मागून पुन्हा रोवणी केली. तेही गेले. त्या वर्षी त्याच्या खळ्यावर काही आलं नाही. दिवाळीनंतर तो गडचांदूरला लेकीकडे निघाला. तिथे सिमेंटची धूळ आणि नळाचं पाणी. बोटाने मोजण्यासारखं काही नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "जय भीम, भाऊ. जाळी बांधून ठेवली. साफ करत जा." तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. भांडणात मी हरत नाही.

त्याच्या बोटाएवढी एक कमची मी अंदाजाने कापून घेतली आहे. रोज सकाळी पाणी तिनेच मोजतो, जाळीतला कचरा काढतो. माझं धान उभं आहे. खाली त्याच्या पडीक बांधीत गवतावर गुलाबी घोस लटकलेले असतात.

बीजवाला अजून फिरतो. तोच ड्रम, तीच बादली, नवी गावं. माझा जाब मी इथे देतो: जाळी वाहून गेली नव्हती, मी काढली होती. आता तू बोल, बीजवाल्या. त्या बादलीत काय होतं, ते तुला माहीत होतं की नव्हतं?