गाडी विकायची नाय

गाडी बंद पडली की माझ्या दिराला वाचा फुटते. एरवी पिशोरहून महिना महिना फोन नाय. यंदा उन्हाळ्यात गाडी तिसऱ्यांदा चालू होईना, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी पठ्ठ्या शहरात पुंडलिकनगरला आमच्या दारात हजर, सोबत गिऱ्हाईक.

"वहिनी, हायब्रीडची मोठी बॅटरी गेली की गाडी भंगार. आत्ताच काढून टाकू."

गाडी माझी. देवगाव रंगारीच्या शाळेत मी शिकवते, रोजचं जाणं-येणं. नवरा याच रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. मग मी चारचाकी शिकले, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी ही गाडी घेतली. सगळा गोतावळा म्हणाला, बाईमाणसाला एवढी कशाला? मी म्हटलं, मला रोज संध्याकाळी घरी यायचंय म्हणून. आता गाडी गेली तर देवगावात खोली करायची आणि सासूबाई इथं एकट्या. त्यावर भाऊजींचं उत्तर तयार होतं, आईला मी गावाकडं नेतो. सासूबाईंना कुणी विचारलं नाय, मला तर नायच नाय.

मोठी बॅटरी गेली हे गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. आदल्या दिवशी चौघांनी गाडीला धक्का मारला. मी सांगत होते, ही ढकलून चालू होत नाय. ऐकतंय कोण? गाडी जागची हलली नाय, एकाची कंबर मात्र धरली. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले चाचा तेवढे सरळ बोलले, "मॅडम, छोटी बॅटरी मैं देख लेतूं. बडी को हात नै लगाता." या गाडीला जागं करते ती छोटी बॅटरी, आणि मागच्या खेपेला चाचांनीच ती नवी घातली होती. तीही पार उतरलेली निघाली. त्यांनी ती चार्ज करून दिली, आणि गाडी लगेच चालू झाली, मी शहराबाहेर दूरवर फिरवून आणली, कुठं कुरकूर नाय. मोठी बॅटरी गेलेली गाडी अशी पळते व्हय?

म्हणजे छोटीला कुणीतरी गुपचूप खात होतं. तेही सुट्टीतच. शाळा सुरू असली की रोजच्या पळण्यानं बॅटरी भरायची, गाडी ठणठणीत, चार दिवस दारात उभी राहिली की मेली. रात्रभर हेच डोक्यात.

तर सकाळी ते दोघं चहा पीत बसले आणि मी सासूबाईंच्या पूजेसाठी जास्वंद तोडायला पोर्चमध्ये गेले. गाडी भिंतीला चिकटून उभी. जाता जाता तिच्या दाराच्या कडीला हात लागला आणि खट्ट करून कुलूप उघडलं. माझ्या हातात फक्त फुलं होती. किल्ली जवळ असल्याशिवाय ही गाडी उघडत नाय. मग किल्ली कुठं?

देव्हाऱ्यात. भिंतीच्या पलीकडं, देवीच्या पायाशी. लेक रस्त्यावर गेला म्हणून सासूबाईंचा हा नेमच होता. मी घरी आले की किल्ली घ्यायच्या, हळदीकुंकू लावून देवीपुढं ठेवायच्या. गाडीला वाटत होतं मालकीण दारातच उभी आहे, म्हणून बिचारी दिवसरात्र जागी, छोटी बॅटरी खात.

मी गाडीला कुलूप लावलं, किल्ली मागच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि परत येऊन कडी दाबली. गाडी ढिम्म. किल्ली पुन्हा देवीपुढं ठेवली, कडी दाबली, खट्ट. मी भाऊजींना आणि गिऱ्हाइकाला उठवून हे दोनदा करून दाखवलं.

भाऊजी हसले. "देवीपुढं किल्ली ठेवल्यानं गाडी बिघडती व्हय? काय पण सांगता वहिनी."

मला संताप आला, आणि भीतीही वाटली. आता सासूबाई दुखावणार. त्या दारातून सगळं बघत होत्या. देव्हाऱ्याकडं गेल्या, देवीला हात जोडले, किल्ली उचलली आणि मागच्या स्वयंपाकघरात जाऊन तिखटाच्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावलं. पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"देवीला किल्ली नाय लागत," त्या म्हणाल्या. मग लेकाकडं वळल्या. "गाडी तिची हाय. इकायची का नाय, तिला इचारलंस का?"

भाऊजींनी खाली बघून मला पहिल्यांदा विचारलं, "वहिनी, विकायची का?"

मी म्हटलं, "नाय."